गुलाबी टी-शर्टचं पुढे काय होतं?

मंडळी, पुढच्या महिन्यात आपल्या ग्राउंडवर ‘गुलाबी सामना’ घ्यायचं घाटतंय. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना मदत म्हणून एक दिवसाची टुर्नामेंट. परवाच्या मिटिंगमध्ये मी याला विरोध केला, हे आता सगळ्या गावाला कळलंय. दोन दिवसांत माझं मत थोडं बदललं. कुठं बदललं आणि कुठं अजिबात बदललं नाही, ते नीट लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

विरोध का केला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी शेजारच्या एका गावात असाच सामना बघायला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, तिथं आपले पाहुणे आहेत. दहा संघ, सगळ्यांना गुलाबी टी-शर्ट, टी-शर्टच्या पाठीवर नेत्याचा फोटो. डीजे, यूट्यूबवर लाईव्ह, फटाके. समालोचक दर षटकाला म्हणत होता, “महिलांच्या आजारासाठी हा सामना!” कोणता आजार ते शेवटपर्यंत त्याच्या तोंडातून आलं नाही. बाउंड्रीला मोठा बॅनर होता सुगंधी सुपारीचा. कॅन्सरच्या मॅचला सुपारीचा प्रायोजक! मी फोटो काढला होता, पण टाकत नाही. संध्याकाळी विजेत्याला मोठा चषक आणि रोख बक्षीस, मग स्टेजवर एक पुठ्ठ्याचा चेक. तो कोणाला मिळाला, पुढे वटला का, हे मी नंतर तिथल्या तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली.

आणि ग्राउंडवर बायका किती होत्या? स्टेजवर सत्काराला बसवलेल्या चार. बाकी सगळी पोरं आणि बाप्ये. म्हणून मिटिंगमध्ये मी म्हणालो, हा नुसता शो आहे, जागृती करायची तर बायकांत करा, पोरांना गुलाबी कपडे घालून काय होणार?

त्यावर माझा धाकटा चुलतभाऊ बोलला. तो आपल्या टीमचा ओपनिंग बॉलर, सगळे ओळखता. मिटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा माणूस. तो म्हणाला, “दादा, आईला गाठ लागली त्या वर्षी मी दर रविवारी ग्राउंडवरच होतो. मला तिथं कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. घरात कोण सांगणार होतं?”

मी गप्प बसलो.

काकीची हकीकत घरातल्यांना माहीत आहे. भावाला विचारूनच लिहितोय. श्रावणात अंघोळ करताना तिला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. (ही गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखत नाही. न दुखणं हे बरं लक्षण नाही, हे आपल्याकडं कोणालाच ठाऊक नसतं.) दिवाळीत फराळ करताना ती आईजवळ बोलली. आईनं तिला एका डॉक्टरकडं नेलं, त्यांनी हात न लावता गोळ्या दिल्या, “गाठ विरघळेल.” तोवर छाटणी होऊन बाग घड धरायला लागली होती. फवारण्या, विरळणी, मग माल काढणी. घरात चार बाप्ये आणि दोन मोटारसायकली, पण मिरजेला न्यायला वेळ कोणालाच नव्हता, कारण न्यायचं कशाला ते कोणाला माहीतच नव्हतं. पाडवा झाल्यावर ती एकदाची मिरजेला गेली. आठ महिने. तिथून सुईची तपासणी, बायोप्सी, मग महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादर आणि टाटा. तिसऱ्या वर्षी काकी गेली.

लवकर गेली असती तर वाचली असती का, हे मी ठामपणे म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या आठ महिन्यांत भावाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं, इतकं नक्की. घरात गाडी त्याच्या हातात, पैसे काकांच्या हातात. बाईला तपासायचं की नाही हे आपल्याकडं अजून बाप्येच ठरवतात. मग ते जिथं बसतात तिथंच बोलायला हवं. पोरांच्या ग्राउंडवर हा विषय काढणं वेडेपणाचं नाही, हे मला भावानं पटवलं. माझं मत बदललं ते इथं.

आता जिथं बदललं नाही ते.

हा गुलाबी सामन्यांचा प्रकार आला कुठून ते बघा. ग्लेन मॅकग्राथ तुम्हाला सांगायला नको, आपल्या सचिनला त्यानं किती छळलं ते आठवत असेल. त्याची बायको जेन. तिला १९९७ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. त्यातून ती उठली, तो पुन्हा आला, आणि २००८ च्या जूनमध्ये ४२व्या वर्षी ती गेली. त्याआधी २००५ मध्ये दोघांनी एक फाउंडेशन काढलं होतं. जेन गेल्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे २००९ मध्ये, सिडनीची नव्या वर्षाची कसोटी पहिल्यांदा ‘पिंक टेस्ट’ म्हणून झाली आणि तेव्हापासून दरवर्षी होते. तिसरा दिवस जेनच्या नावाचा. स्टंप गुलाबी, स्टेडियम गुलाबी, खेळाडू आपल्या सह्यांच्या गुलाबी टोप्या मॅकग्राथच्या हातात देतात. २०२१ मध्ये आपल्या संघानंही दिल्या होत्या. तीच ती कसोटी, जिच्यात विहारी आणि अश्विननं दिवस अंगावर झेलून सामना वाचवला. २०२५ ला आपण तिथं हरलो, तोही नेमका जेनच्या दिवशी, बुमराहची पाठ धरलेली.

दक्षिण आफ्रिकेतही असंच आहे. जोहान्सबर्गला त्यांचा संघ एक वनडे गुलाबी कपड्यांत खेळतो, मदत तिथल्या सरकारी दवाखान्याच्या स्तनांच्या आजाराच्या विभागाला जाते. डिव्हिलियर्सनं ३१ चेंडूंत शतक मारलं ते याच गुलाबी कपड्यांत.

पण रंग सोडा. सिडनीचा पैसा कुठं जातो ते बघा. तो जातो नर्सच्या पगारात. इमारत नाही, मशीन नाही, नर्स. आज तिथं अशा दोनशेहून जास्त नर्स आहेत, बऱ्याचशा शहराबाहेरच्या भागात. गाठ निघाली की या नर्सकडं जायचं. चिठ्ठी लागत नाही, फी लागत नाही. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, आता पुढं काय होणार, केस जाणार का, लेकरांना काय सांगायचं, कामावर कधी जाता येईल, हे सगळं ती बसून सांगते आणि उपचार संपेपर्यंत सोबत असते. सुरुवात लोकांच्या देणगीनं झाली, नंतर त्यांचं सरकारही पैसे द्यायला लागलं. कोविडपासून ते ऑनलाइन ‘गुलाबी खुर्ची’ विकतात, २० डॉलरला एक. खुर्ची खरी नसते, नर्स खरी असते. देणाऱ्याला ठाऊक असतं की आपण काय विकत घेतलं.

आपल्या पुठ्ठ्याच्या चेकनं काय विकत घेतलं?

काकीच्या वेळी आम्हाला सगळ्यात जास्त काय कमी पडलं, हे मी भावाशी बसून आठवलं. ऑपरेशन आणि केमोचा मोठा भार महात्मा फुले योजनेनं उचलला, ते मान्य करायलाच हवं. पण कागद कोणते लागतात हे कळायलाच तीन फेऱ्या गेल्या. केमो दर एकवीस दिवसांनी, रेडिएशन रोजचं, आठवड्यातले पाच दिवस. मुंबईत राहायचं कुठं? दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर परळच्या फुटपाथवर पेशंटची बिऱ्हाडं तुम्ही पाहिली असतील. बरोबरच्या माणसाची हजेरी बुडते ती वेगळीच. आणि प्रत्येक रिपोर्ट हातात आल्यावर “म्हणजे बरं आहे का वाईट?” हे विचारायला कोणी नसायचं. भाऊ म्हणाला, “पैसे कुठनंतरी उभे केले दादा. पण माहितगार माणूस मिळाला नाही.”

म्हणून माझं म्हणणं असं की सामना घ्यायचाच तर पैसा कशाचा ते आधी ठरवा, मग टी-शर्टचा रंग. वर्षभर एक नर्स पगारावर ठेवणं एका गावाच्या टुर्नामेंटला झेपणार नाही, ते मला कळतं. पण आपल्या उपकेंद्रातल्या रिटायर झालेल्या सिस्टर आहेत. मी काल त्यांच्याशी बोललो. तालुक्यातल्या अशा पेशंटबरोबर पहिल्या दोन-तीन वेळा मिरजेला किंवा मुंबईला जायला, कागद लावून द्यायला त्या तयार आहेत. त्यांचा येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च आणि थोडं मानधन, आणि गरजू पेशंटचं भाडं. बस्स, एवढंच. हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पेशंटचं नाव न लिहिता, दर महिन्याला.

शिबिराबद्दलही बोलतो, कारण सामन्याबरोबर “मोफत तपासणी शिबिर” येणारच. टाटा मेमोरियलनं मुंबईत १९९८ पासून वीस वर्षं एक अभ्यास केला, दीड लाखावर बायकांचा, बहुतेक झोपडपट्टीतल्या. मशीन नाही, काही नाही. दहावी-बारावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी हातानं स्तन तपासले, दर दोन वर्षांनी, चार वेळा. निकाल २०२१ मध्ये छापून आला. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आता यातला मुद्दा काय? तपासणी महागडी नको, पण पुन्हा पुन्हा हवी. एकदाच मांडव घालून, फोटो काढून, गाशा गुंडाळला तर ते शिबिर नव्हे, लग्न झालं. आणि तपासणीत संशय आलेल्या बाईला पुढं कोण नेणार हे ठरलेलं नसेल तर तिला फक्त घाबरवून घरी पाठवल्यासारखं होतं.

आपली स्थिती काय आहे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं होतं, स्तनांची तपासणी कधी झाली आहे का. देशात हो म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा नव्हत्या, ०.९ टक्के. आणि जागतिक कर्करोग संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर होतो, ९८ हजारांच्या आसपास जातात. आशाताई घरोघर येऊन तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात, त्यात गाठीचा प्रश्न आहे. तो प्रश्न विचारताना घरातले बाप्ये बाहेर जातात का, हे आपलं आपण आठवून बघा.

एक शेवटचं, आणि यावर मला शिव्या पडतील. समालोचकानं ‘स्तन’ हा शब्द माईकवरून उच्चारायचा. “महिलांचा आजार” नाही, “छातीचं दुखणं” नाही. मिटिंगमध्ये मी हे म्हटल्यावर दोघं हसले, एक म्हणाला, “पोरं बसलेली असतात.” अरे, पोरं बसलेली असतात म्हणूनच तर! तुमच्या आईच्या, बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे आणि शब्दाची लाज वाटते? काकी आठ महिने गप्प बसली ती याच शब्दापायी. आणि हा कॅन्सर क्वचित पुरुषांनाही होतो, हेही त्याच माईकवरून सांगा, मग हसणं थांबेल.

सुपारीवाल्यांचा प्रायोजक मिळतोय असं ऐकलं. तो बॅनर लागला तर मी ग्राउंडवर येणार नाही, वर्गणीही देणार नाही. आताच सांगून ठेवतो. नेत्यांच्या फोटोबद्दल भांडणार नाही, तेवढी ताकद नाही.

रविवारी संध्याकाळी सातला देवळाच्या सभामंडपात पुन्हा मिटिंग आहे. सिस्टर येणार आहेत. आशाताईंनाही बोलावलंय. बायकांनी यावं, मागं न बसता पुढं बसावं. भाऊ म्हणालाय की तो माईकवर बोलेल, आईबद्दल. बोलता आलं नाही तर मी त्याच्या शेजारी उभा आहे.