फोन उचला, वकीलसाहेब

39 आणि 40 यात फरक किती? आपल्या मार्कशीटवर एका मार्काचा. दिव्यांग प्रमाणपत्रावर मात्र तोच फरक पूर्ण आयुष्याचा होतो. 40 टक्के असतील तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के आरक्षण, सरकारी नोकरीत 4 टक्के, एसटीच्या तिकिटात सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. 39 आले की यातलं काहीच नाही.

हा आकडा चुकीचा वाटला तर अपील करता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तशी तरतूद आहे, पण ठरलेल्या मुदतीतच. ऐकायला सोपं वाटतं. पण पालम किंवा जिंतूरकडच्या घरात काय होतं? 'सरकारी काम आहे, वकील लावा' असं कोणीतरी सांगतं. पैसे दिले जातात, बहुतेक वेळा पावतीशिवाय. मूळ कागदही तिकडेच जातात. मग फोन लागत नाही. लागला तर 'करतोय, पुढच्या आठवड्यात या.' परभणीला यायचं म्हणजे सोबत कोणीतरी हवं, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि इथं आल्यावर कळतं, साहेब आज संभाजीनगरला गेलेत.

सगळे वकील असे नसतात, आणि एकेकाच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो हेही मान्य. पण जमत नसेल तर 'जमणार नाही' एवढं सांगायला किती वेळ लागतो? पक्षकार तर विचारायलाही घाबरतो. साहेब चिडले तर काम राहीलच, असं त्याला वाटतं.

खरं तर या अपिलाला वकील असलाच पाहिजे, असं नियमात कुठेही नाही. ते कोर्टात नाही, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. साधा अर्ज, प्रमाणपत्राची प्रत, तपासण्यांचे रिपोर्ट, आणि अर्ज दिल्याची शिक्का मारलेली पोच. (पोच घेतल्याशिवाय कोणत्याही ऑफिसातून बाहेर पडू नका, हा आमच्या पत्रकारितेच्या वर्गातलाही धडा आहे.)

कागद अडकलेत? फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. तेव्हा फोन करणं बंद करा आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. वकील हवाच असेल तर परभणीच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दिव्यांगांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन 15100. तिथला वकीलही फोन उचलत नसेल तर त्याच ऑफिसात लेखी देऊन दुसरा मागायचा.

तक्रारीचं काय? 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली राज्य बार कौन्सिलकडे करता येते. पण त्यातून वकिलाला शिक्षा होईल, गेलेले दिवस परत येत नाहीत. ग्राहक मंचाचं दारही सुप्रीम कोर्टाने मे 2024 मध्ये बंद केलं. वकिलांची चौकशी वकिलांनीच करायची, ही व्यवस्था आम्हाला काही पटत नाही.

त्यापेक्षा सोपं काम जिल्हा रुग्णालयाला करता येईल. अपील कुठे करायचं आणि शेवटची तारीख कोणती, हे प्रमाणपत्रासोबतच छापून द्यावं. तपासणीच्या दिवशी विधी सेवेचा एक स्वयंसेवक तिथे टेबल टाकून बसावा. अर्ज लिहून द्यायला आपणही बसू शकतो. एनएसएसच्या कॅम्पमध्ये दरवर्षी आपण रस्ते झाडतोच, एखादं वर्ष हे करून बघू. जाताना पेन, कोरे कागद आणि एक कॅलेंडर सोबत घ्यायचं. अपिलाची शेवटची तारीख काढायची आणि तो दिवस समोरच्याला गोल करून दाखवायचा.