दहा पैशांचा कप, दहा रुपयांचा कप

आषाढी झाली की आमच्याकडचे लग्नाचे मुहूर्त संपतात आणि बँडवाले मोकळे होतात. मोकळे म्हणजे काय, निंदणा-डवरणीला लागतात. त्यातलाच एक, माझा जुना विद्यार्थी, गेल्या आठवड्यात भर पावसात घरी आला. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. मला वाटलं फवारणीचा पंप असेल. उघडलं तर पितळेचा ट्रंबोन निघाला, आणि तोही साधा नव्हे, बास ट्रंबोन.

हा गडी मूळचा ट्रंपेटवाला. पंधरा-वीस वर्षं वरातीत वाजवतोय. आता नागपूरकडच्या एका ऑर्केस्ट्राने त्याला बोलावलंय. ते जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम करतात. त्यांच्याकडे ट्रंपेटवाले आहेत, खालचा सूर धरणारा कोणी नाही. अर्धी गाणी ट्रंपेट आणि अर्धी बास ट्रंबोन वाजवशील तर ये, अशी अट आहे. त्याने उसनवारी करून जुना ट्रंबोन घेतला, पण त्याला माउथपीस नव्हता. आता तो कोणता घ्यायचा, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता. मी शाळेचं बँड पथक चालवलं म्हणून! आमचं पथक म्हणजे दोन बिगूल, चार ताशे आणि एक मोठा ड्रम. पण विद्यार्थ्याच्या लेखी सरांना सगळंच येतं. तो गैरसमज निवृत्तीनंतर तरी कशाला घालवा?

म्हटलं, चार दिवस दे. अमेरिकेतल्या पुतण्याचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रंबोन वाजवतो, त्याला विचारलं. (बाळा, तू फोनवर जे जे सांगितलंस ते इथे माझ्या भाषेत उतरवलंय. चुकलं असेल तर आजोबांना माफ कर.) मग दुकानांची मापं पाहिली आणि मापं पाहता पाहता माझं एक ठाम मत तयार झालं. तेच इथे लिहितोय.

आधी माप सांगतो, म्हणजे ज्यांनी ही वाद्यं फक्त वरातीत पाहिली आहेत त्यांनाही कळेल. ट्रंपेटचा सर्वात प्रचलित माउथपीस म्हणजे बाखचा ७सी. त्याच्या कपाचा आतला व्यास साधारण १६.२ मिलिमीटर. बास ट्रंबोनचा बाखचा दीड-जी घ्या, तो साधारण २७ मिलिमीटर. मिलिमीटर डोळ्यांपुढे येत नाहीत म्हणून मी नातीच्या खेळातल्या नाण्यांचा डबा उपडा केला. १९८८ नंतर स्टीलचे छोटे दहा पैसे निघाले होते, आठवतात? ते बरोबर १६ मिलिमीटरचे. आणि आजचं दहा रुपयांचं दुरंगी नाणं २७ मिलिमीटरचं. म्हणजे ट्रंपेटवाल्याने आयुष्यभर दहा पैशांच्या गोलात ओठ बसवलेले, आणि आता त्याला दहा रुपयांच्या गोलात बसवायचे आहेत. व्यास पावणेदोन पटीच्या आत, पण क्षेत्रफळ पावणेतीन पट! (दहा पैसे २०११ साली चलनातून गेले. दहा रुपये चलनात असूनही कित्येक दुकानदार घेत नाहीत. असो.)

ती दोन नाणी त्याच्यापुढे ठेवली तर तो म्हणाला, "सर, एवढ्या मोठ्यात माहं अर्धं थोबाड आत जाते. थो लहानातला लहान कप मिळन तर पाहा ना. ओठ तं तेच हायेत."

ओठ तेच आहेत! सगळा घोळ या एका वाक्यात आहे. बहुतेक ट्रंपेटवाले असाच विचार करतात. ट्रंबोनला बसेल असा, पण ट्रंपेटच्या जितका जवळ जाईल तितका माउथपीस शोधायचा, म्हणजे ओठाला कमी त्रास. वर वर पाहता हे शहाणपणाचं वाटतं. मला ते चूक वाटतं.

कारण असं की आवाज वाद्याच्या पितळेतून निघत नाही, तो ओठाच्या थरथरण्यातून निघतो. पितळ त्याला फक्त आकार देतं. ट्रंपेटचा नेहमीच्या वाजवण्यातला सगळ्यात खालचा सूर घेताना ओठ सेकंदाला सुमारे १६५ वेळा उघडतात-मिटतात. बास ट्रंबोनचा नळी न सरकवता निघणारा तळाचा सूर असतो सुमारे ५८ वेळांचा. इतकं संथ थरथरायचं तर ओठाचा मोठा भाग मोकळा हवा, मागून वारा भरपूर हवा आणि दाब कमी हवा. लहान कपात ओठाला तेवढी जागाच नाही. सूर निघेल, पण चिरका आणि पातळ. शिवाय कप उथळ असला की आवाजात वरची धार येते आणि खालचा भरणा जातो. मग खालच्या सुरासाठी ऑर्केस्ट्रावाल्याने तुला बोलावलं कशाला? धारदार आवाजाला त्याच्याकडे दोन ट्रंपेटवाले आहेतच की.

हे त्याला पटेना. तेव्हा मी माझ्या विषयावर आलो. त्याला विचारलं, "तू घरी कसा बोलतोस?" म्हणाला, "वऱ्हाडीत." "आणि माझ्या वर्गात उभं राहून उत्तर द्यायचास तेव्हा?" हसला. वर्गात तो "का" म्हणायचा, मैदानात "काहून". तोंड तेच, जीभ तीच. पण ज्या पोरांनी शाळेत वऱ्हाडी तोंडानेच पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न केला, ती धड इकडची झाली नाहीत ना तिकडची. ज्यांनी दोन्हीला दोन वेगळी वळणं दिली त्यांच्या दोन्ही भाषा छान राहिल्या. वऱ्हाडी बिघडू नये म्हणून प्रमाण मराठीही वऱ्हाडीसारखीच बोलावी, असं कोणी म्हणतं का? मी स्वतः चाळीस वर्षं या दोन तोंडांनी जगलो. घरी आल्यावर आईशी पुस्तकी बोललो असतो तर तिने चुलीतलं लाकूडच फेकून मारलं असतं.

वाद्यांचंही तसंच असावं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स मॉरिसन ट्रंपेट, ट्रंबोन, युफोनियम सगळं वाजवतात, आणि प्रत्येकाचा आवाज त्या त्या वाद्याचा येतो. आपल्याकडे मनोहारी सिंग सॅक्सोफोनइतकीच बासरीही वाजवायचे.

पण याचा अर्थ सगळ्यात मोठा माउथपीस आणावा असाही नाही. बास ट्रंबोनवाल्यांत मोठ्या कपाची एक हौस दिसते. २८, २९ मिलिमीटर आणि त्याच्याही पुढे. ज्यांचं ते एकच वाद्य आहे आणि जे रोज चार तास वाजवतात त्यांचं ठीक. महिन्यातून दोन कार्यक्रम करणाऱ्याने त्या फंदात पडू नये. वारा पुरणार नाही, दुसऱ्या गाण्यातच ओठ थकेल. २७च्या आसपासचा दीड-जी मला त्याच्यासाठी योग्य वाटला. साध्या ट्रंबोनचा साडेसहा-एएल २५.४ मिलिमीटरचा असतो. अडचणीत तोही चालून जाईल, पण मग तळाच्या सुरांची आशा सोडायची.

एक गंमत सांगायला हवी, कारण त्यात तो फसणार होता. बाखच्या क्रमांकांत आकडा जितका लहान तितका कप मोठा. सातापेक्षा दीड मोठा! दुकानदाराने "मोठा नंबर देतो" म्हटलं की समजावं, तो लहान कप गळ्यात मारतोय. (हा बाख म्हणजे संगीतकार बाख नव्हे. व्हिन्सेंट बाख मूळचा ऑस्ट्रियाचा, अमेरिकेत जाऊन १९१८ साली माउथपीस बनवू लागला.)

दुसरी गोष्ट दांडीची, म्हणजे माउथपीसचा जो भाग वाद्यात जातो त्याची. ती बारीक आणि जाड अशा दोन मापांत येते. बास ट्रंबोनला जाड लागते. याने बँडमधल्या जुन्या ट्रंबोनचा बारीक दांडीचा माउथपीस कागदाची घडी घालून त्यात बसवला होता! हलत होता आणि सूर एका जागी राहत नव्हता. मी कागद काढला तर तो लग्नपत्रिकेचा तुकडा निघाला.

आता खरा प्रश्न. तो त्याने निघता निघता, चपला घालताना विचारला. "सर, याच्या नादी लागून ट्रंपेटचा ओठ गेला तं?"

याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. त्याचं घर ट्रंपेटवर चालतं. तुळशीच्या लग्नापासून सुरू होणारे मुहूर्त, मध्ये पौषाची खाडाखोड, मग एप्रिल-मेची चव्वेचाळीस डिग्रीतली वरात, जिथे माउथपीसच ओठाला चटके देतो. आधीच डीजेने निम्मी कामं खाल्ली आहेत. त्यात कोणी सांगितलं की याचा वरचा सूर आता लागत नाही, तर मालक दुसरा शोधील. नागपूरचे कार्यक्रम महिन्याला दोन. त्या दोनासाठी हातचं घालवायचं का? भाषेचा दाखला देणं सोपं होतं, कारण वऱ्हाडी विसरलो असतो तरी माझा पगार थांबणार नव्हता.

तरीही मी त्याला घे म्हणालो. मोठ्या कपावर बराच वेळ वाजवलं की लगेच ट्रंपेट घेताना ओठ सैल वाटतो हे खरं आहे, पण तो सैलपणा विसाव्याने जातो असं पुतण्याचा मुलगा सांगतो. बिघडतं ते दोन्हीकडे एकच पकड वापरली की. म्हणून सध्या सकाळी आधी ट्रंपेट वाजवायचा. मग शेतात जायचं. ट्रंबोन संध्याकाळी, पंधरा मिनिटांपासून सुरुवात, नुसते लांब सूर. ओठाचे कोपरे घट्ट, मध्य सैल. दाबायचं नाही. दुर्गोत्सवात यवतमाळची कामं असतील तेव्हा आठ दिवस ट्रंबोनला हात लावायचा नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने आहेत. तोवर ट्रंपेटचा वरचा सूर जरा जरी ढळला तर ट्रंबोन विकायचा, मी स्वतः गिऱ्हाईक शोधून देईन.

आणखी एक मनात आहे ते लिहून टाकतो. पुण्या-मुंबईत कोणी व्हायोलिन शिकायला लागला तर गज कोणता, तारा कोणत्या, यावर घरादाराची चर्चा होते. आमच्या बँडवाल्याच्या ओठाला काय लागतंय हे कोणी विचारलंय? मुलामा उडालेला, खाली पितळ दिसणारा माउथपीस वर्षानुवर्षं तोंडाला लावतात. ओठाच्या कडेला पुरळ येतं. "चालते" म्हणतात. हे "चालते" बऱ्याचदा जातीतून आलेलं असतं. वाजंत्र्याने मांडवाबाहेर बसावं, जेवण शेवटी घ्यावं आणि मिळेल त्यावर वाजवावं, हे आपण पिढ्यान् पिढ्या ठरवून ठेवलंय. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक १९५१च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतात वाजवून गेले, ती गाणी आपण अजून गुणगुणतो. त्याच गाण्यांवर वरातीत घाम गाळणाऱ्याला मात्र माउथपीसचं माप विचारलं की लोक हसतात. माझ्या घरीही हसले.

माउथपीसची किंमत काही हजारांत गेली. निम्मे त्याने दिले, निम्मे मी उसने दिलेत. काल तो येऊन पोचला. त्याने अंगणातच लावून पाहिला. पहिल्या तीन फुंकांत नुसता वारा. चौथ्या फुंकेला खालून एक सूर आला, जाड आणि ओबडधोबड. शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तिले समजलं." मग पाऊस वाढला आणि ट्रंबोन गोणपाटात गुंडाळून तो डवरणीला गेला.