मत समान, माप असमान

राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मोल सारखे आणि अर्थव्यवहारात मात्र विषमता, या विसंगतीचा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो किती अचूक होता, हे उरण तालुक्यात दिसते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि येथील शेती नव्या शहरासाठी संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले.

हा विजय मोठाच. परंतु त्याचे माप जमीन हेच राहिले. ज्याची जमीन अधिक, त्याचा भूखंड मोठा. शेतमजुरीवर वा खाडीच्या मासळीवर जगणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसल्याने तो या मापात बसत नाही.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. एकत्र लढलेल्या गावांत मग कंत्राट मागणारा आणि त्या कंत्राटदाराकडे रोजगार मागणारा, असे दोन मतदार उभे राहतात. पहिल्याला उमेदवाराची ओळख हवी असते, दुसऱ्याला पहिल्याची मर्जी. अशा मताला स्वतंत्र कसे म्हणावे? त्यातच २००९ पासून उरण मावळ लोकसभा मतदारसंघात, घाटावरील पिंपरी-चिंचवडच्या अफाट लोकवस्तीबरोबर मोजले जाते.

गरिबाला मतासाठी दोष देणे सोपे आहे. भरपाई जमिनीबरोबर उपजीविकेच्याही मापाने दिली जाईल, तेव्हाच त्याचे मत खऱ्या अर्थाने त्याचे होईल.