देगलूरचे रिकामे सभागृह आणि इतिहासप्रेमींचे मौन

१/ देगलूरचे नाव निघाले की इतिहासप्रेमींची पावले होट्टलकडे वळतात. तेथील चालुक्यकालीन मंदिरे त्या कौतुकास पात्रच आहेत. परंतु अलीकडे सुमारे चार वर्षे या गावाच्या नगर परिषदेत एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता, याची दखल किती इतिहासप्रेमींनी घेतली?

२/ नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे शेतीवर जगणारे गाव. एका बाजूस तेलंगण, दुसऱ्या बाजूस कर्नाटक. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच सौद्यात मिसळतात. गुंडा महाराजांची वारकरी परंपराही याच मातीतली.

३/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे तोडून आंध्र प्रदेशाकडे गेली. उरलेला तालुका मुंबई राज्यात आला. सीमा बदलली, सोयरिकी आणि व्यवहार मात्र टिकले.

४/ त्याआधीची राजवट निजामाची. कारभारी वरून नेमलेले; त्यांना जाब विचारण्याचा अधिकार रयतेला नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसने १९३८ मध्ये मागितली ती ‘जबाबदार राज्यपद्धती’. संघटना उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगवास पत्करला तो याच मागणीसाठी.

५/ १७ सप्टेंबरला मराठवाडा ध्वजवंदन करतो. मग त्या लढ्याचे फलित कोठे पाहावे? गावच्या पालिकेत! ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे अनुच्छेद २४३-यू बजावतो.

६/ प्रत्यक्षात काय घडले? ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांत राज्यातील बहुतेक पालिकांच्या निवडणुका रखडल्या. कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, तेव्हा कोठे डिसेंबरात मतदान झाले.

७/ ‘नगरसेवक भ्रष्ट, प्रशासक कार्यक्षम,’ असा युक्तिवाद होतो. प्रशासक म्हणजे निजाम नव्हे, हे खरेच. त्याच्यावर कायद्याचा अंकुश असतो. परंतु तो उत्तर देतो वरिष्ठांना. नगरसेवकाला नळाच्या पाण्याचा जाब भर चौकात विचारता येतो आणि पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येते. भ्रष्टाचारावर उपाय मतदान आहे, मतदान रद्द करणे हा नव्हे.

८/ बहुभाषिक गावात तर हे नुकसान दुप्पट. प्रभागाप्रभागांतून निवडून आलेल्या सभागृहात वेगवेगळ्या भाषांची, जातिधर्मांची माणसे बसतात. निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. एका खुर्चीत हे सारे गाव मावणार कसे?

९/ होट्टलचे दगड जपावेतच. त्याबरोबर पालिकेच्या सभांची इतिवृत्ते आणि अंदाजपत्रकेही वाचावीत. गावाचा अलीकडचा इतिहास त्यांतच नोंदलेला असतो. राजांच्या सनावळ्या तोंडपाठ असलेल्या पिढीला आपल्या नगर परिषदेची मुदत कधी संपते, एवढे तरी ठाऊक असावे.