काजळी रायफलीची, चूक धोरणाची

अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये नव्या पिढीच्या रायफलीसाठी सिग सॉअर कंपनीची निवड केली आणि २०२५ मध्ये तिला ‘एम ७’ हे अधिकृत नाव दिले. ६.८ मिलिमीटरच्या या रायफलीबरोबर आवाज आणि ज्वाला दडपणारा सप्रेसरही सैनिकाच्या हाती पडत आहे. त्याचे लाभ निर्विवाद आहेत; मात्र त्यामुळे काजळीचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

गोळीमागोमाग नळीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये कार्बनचे कण असतात. नळीच्या तोंडावरील मझल ब्रेक हे वायू बाजूला वळवून रायफलीचा धक्का कमी करतो. साहजिकच कार्बनचा थर त्याच्या खाचांत आणि आट्यांत साचतो व उष्णतेने घट्ट होतो. ब्रेकवर सप्रेसर बसविलेला असल्यास तो काही वेळा जागीच जखडून बसतो. शिवाय सप्रेसर वायू अडवून धरत असल्याने त्यांतील काही भाग मागे फिरतो आणि रायफलीच्या अंतर्भागातही काजळी धरते.

काजळीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अमेरिकेने व्हिएतनाममध्ये मोजली आहे. ‘एम १६’ रायफलीच्या काडतुसांतील दारूचा प्रकार १९६४ मध्ये बदलण्यात आला. नव्या दारूने काजळी वाढली आणि गोळीबाराचा वेगही वाढला. त्यातच या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. परिणामी, ऐन लढाईत रायफली अडकल्या आणि सैनिकांचे प्राण गेले. १९६७ मध्ये काँग्रेस सदस्य रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने लष्करी व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला. त्यानंतर चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला, सफाईचे साहित्य वाटले गेले आणि प्रशिक्षण सुधारले.

भारतानेही या अनुभवाची नोंद घ्यायला हवी. ‘एके २०३’ रायफलीची निर्मिती उत्तर प्रदेशातील कोरवा येथे होते, तर वरणगावसारखे कारखाने काडतुसे बनवितात. रायफल, काडतूस आणि नळीवरील जोडसामग्री यांचा निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाला, तरी रणांगणात त्यांची परीक्षा एकत्रच होते. म्हणूनच यांपैकी एक घटक बदलला, तरी चाचणी संपूर्ण जोडणीची झाली पाहिजे. ब्रश, तेल आणि सफाईचे वेळापत्रक हा खरेदी कराराचाच भाग मानला गेला पाहिजे. अन्यथा कागदावर काटकसर होईल आणि तिची भरपाई आघाडीवरच्या जवानाला करावी लागेल.