लिंकनचा रोलबॅक

नोव्हेंबर 1861. अमेरिकेत यादवी पेटलेली. लिंकनच्या आरमाराने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन दूत उचलले. उत्तरेत जल्लोष, ब्रिटन मात्र कॅनडात सैन्य धाडू लागलं. डिसेंबरअखेर लिंकनने दोघांना सोडायचं ठरवलं. टाळ्या पडत असताना रोलबॅक! आम्हा इंजिनिअरांना तो साध्या कोडचाही जिवावर येतो.

1 जानेवारी 1863 ला त्याने बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. (केंटकीसारख्या सोबतच्या राज्यांतले गुलाम त्यात नव्हते, हेही खरं.) मग दक्षिणेला मान्यता देणं ब्रिटनला आणखी जड गेलं.

1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. घरात प्रत असेल, तर अर्पणपत्रिका उघडून बघा.