मी काढलेला भिकारी

जानेवारी २०२३ मध्ये मी एक व्यंगचित्र काढलं. लई गाजलं. आज त्या चित्राच्या विरोधात मीच उभा आहे. फिर्यादी मी, आरोपी पण मीच. साक्षीदार मिळणार नाहीत, कारण ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना यात गुन्हाच दिसत नाही.

चित्र असं होतं. एक दाढीवाला. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात फाटका सलवार-कुडता, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एका हातात कटोरा. काखेत अणुबॉम्ब, बॉम्बवर चांदतारा. पुढ्यात पिठाचं रिकामं पोतं. खाली शब्द : ‘बॉम्ब ठेवून घ्या, पीठ द्या.’ पाकिस्तानात तेव्हा पिठाची मारामार चालली होती. अर्ध्या तासात चित्र काढून मोकळा झालो. पाकिस्तानी काढायला डोकं लागतच नाही. दाढी, टोपी, कटोरा. झाला पाकिस्तानी. जसा यांच्या चित्रांत हातात झाडू दिला की झाला आपला माणूस.

संपादकानं स्वतः फोन केला. हाच तो संपादक, ज्यानं गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांवरची माझी तीन चित्रं परत पाठवली होती. म्हणे, सकाळी चहाबरोबर कोण बघणार हे? पिठासाठी हात पसरणारा माणूस मात्र चहाबरोबर चालला. बिस्किटासारखा बुडवून खाल्ला लोकांनी. आमच्या सोसायटीच्या चेअरमननं जिन्यात गाठलं आणि पाठीवर थाप मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात माझ्या पाठीला लागला. म्हणाला, ‘वा! तुम्ही लोकसुद्धा देशासाठी उभे राहता, बघून बरं वाटलं.’

तुम्ही लोक.

आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. ज्या वाड्यानं आमच्या बापजाद्यांना ओसरीवर येऊ दिलं नाही, त्या वाड्यानं मला आत बोलावून बसायला पाट दिला असं वाटलं. पाट कशाचा आहे ते बघितलं नाही. तो दुसऱ्या एका उपाशी माणसाच्या पाठीचा होता.

त्याच दिवसांतली एक बातमी मी उशिरा वाचली. सिंधमधलं मिरपूरखास. ७ जानेवारी २०२३. सरकारी दराचं पीठ घेऊन गाड्या आल्या. दहा-दहा किलोच्या पिशव्या. पिशव्या थोड्या, माणसं उदंड. रेटारेटी झाली. एक मजूर खाली पडला, त्याच्या अंगावरून गर्दी गेली. जागीच खलास. पोराबाळांचा बाप. जात : कोळ्ही.

आपल्याकडचा कोळी समजू नका. सिंधमधले कोळ्ही, भील, मेघवार म्हणजे तिथले खालचे, तिथले शिवून न घेतलेले. पाकिस्तान सरकारच्या स्वतःच्या यादीत ते अनुसूचित जाती म्हणून लिहिलेले आहेत. तिथं जमीनदाराला वडेरा म्हणतात. वडेऱ्याच्या शेतात राबायचं, उचल घ्यायची, उचल फिटत नाही, मग अख्खं कुटुंब गहाण. कृष्णाकुमारी कोळ्ही ही बाई २०१८ साली पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून गेली. लहानपणी तिची तीनेक वर्षं जमीनदाराच्या खाजगी तुरुंगात गेली, घरच्या माणसांसकट. उचल म्हंजे काय, हे बीडच्या ऊसतोड कामगाराला समजावून सांगावं लागणार नाही.

मी ज्या रांगेला हसलो, त्या रांगेत हा माणूस होता. मी त्याच्या डोक्यावर टोपी घातली. दाढी चिकटवली. जो बॉम्ब त्यानं जन्मात बघितला नाही, तो त्याच्या काखेत कोंबला. आणि म्हटलं, हसा.

इथं कुणी विचारील, म्हंजे तो आपल्यातला निघाला म्हणून तुला कळवळा आला का? मुसलमान असता तर हसणं खपलं असतं? बरोबर विचारलंत. हाच प्रश्न मी स्वतःला केला, तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नाही. भुकेची ना सुंता होते ना मुंज. मेलेला कोळ्ही निघाला म्हणून माझ्यासमोर आरसा आला, इतकंच. त्या रांगेतल्या बाकीच्यांची पोटंही तेवढीच रिकामी होती.

आणि पीठ गेलं होतं कुठं? २०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात महापूर आला. सतराशेच्या वर माणसं मेली. तीन कोटी तीस लाख लोकांना झळ लागली. सिंधमध्ये शेतांत महिनोन्‌महिने पाणी उभं राहिलं. वरून सरकारी तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट. यातलं काय होतं माझ्या चित्रात? पूर नव्हता. वडेरा नव्हता. गोदामाला कुलूप लावून भाव चढायची वाट बघणारा व्यापारी नव्हता. आणि ज्या वर्दीवाल्यांनी देशाच्या तोंडचा घास तोफांना चारला, ते तर नव्हतेच. बॉम्ब जनरलच्या काखेत हवा होता. मी तो उपाशी माणसाच्या काखेत दिला. ही चूक हाताची नाही, नजरेची आहे. ज्यांनी लुटलं ते चित्राबाहेर, ज्याला लुटलं तो चित्रात. हीच नजर आपल्या गावातही असते. गावकुसाबाहेरचा घाणेरडा दिसतो, पण त्याला घाणीत ठेवणारा दिसत नाही.

आता माझी रांग सांगतो. साल १९७२. मी सात वर्षांचा. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. विहिरींचे तळ दिसत होते. आय दुष्काळी कामावर खडी फोडायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो यायचा, लाल ज्वारी. तिची भाकर थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. गावातले मोठे म्हणायचे, तिकडं हे डुकरांना घालतात. मिलो घ्यायला रांग लागायची. आधी गाव, मग आम्ही. आमची पाळी येईस्तवर पोत्याचा तळ लागलेला असायचा. आय पदर पसरायची. दुकानदार पोतं झटकायचा. शिवणीत अडकलेले दाणे ती नखानं काढायची.

तेव्हा कुणी तिला हसलं का? तिला कोण ओळखत होतं! पण तिच्या देशाचा हिशेब मांडून झाला होता. १९६७ साली विल्यम आणि पॉल पॅडॉक या दोन अमेरिकन भावांनी एक पुस्तक काढलं. १९७५ पर्यंत जगात मोठी उपासमार येणार, तेव्हा अमेरिकेनं धान्य कुणाला द्यायचं आणि कुणाला मरू द्यायचं, याची त्यात वाटणी होती. लढाईत जखमी सैनिकांची करतात तशी. भारत कुठं? वाचवून उपयोग नाही, त्या रकान्यात. आणि पाकिस्तान? धान्य द्यावं, त्या रकान्यात.

वाचलं का नीट? तेव्हा माझी आय मरू द्यायच्यांत होती, अन्‌ मिरपूरखासचा माणूस जगवायच्यांत. पन्नास वर्षांनी रकाना बदलला, तर आयचा पोरगा हसायला मोकळा! वरचा झेंडा बदलतो, खालची रांग तीच राहते.

मला म्हणतात, अहो, विनोद आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. हे ऐकून आपले कान किटले आहेत. २०१२ साली अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या चित्रावरून वाद झाला. चित्र १९४९ चं. राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर बाबासाहेब बसलेले आणि मागं नेहरू चाबूक उगारून. आपण दुखावलो, तर आपल्याला शहाणपण शिकवलं गेलं की तुम्हाला विनोदबुद्धी नाही. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं, आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये चित्र आलं. बड्या देशांचा अवकाश क्लब, आत सुटाबुटातले साहेब पेपर वाचतायत, आणि बाहेर पागोटंवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. तेव्हा हेच शहाणे पेटून उठले. आता कुठं गेली होती विनोदबुद्धी? त्या पेपरानं शेवटी माफी मागितली.

पेटलो तर मीही होतो. दार ठोठावणाऱ्याला हसणं म्हंजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. देवळाची, विहिरीची, वर्गाची, भाड्याच्या खोलीची, सगळी दारं ठोठावून झाली आहेत. आणि तरी आठ वर्षांनी मी तेच केलं. आत बसलेल्या साहेबाची खुर्ची मला जरा वेळ मिळाली, तर मी बाहेरच्याकडं बोट करून हसलो.

कुणी म्हणेल, तो शत्रू देश आहे. २६ नोव्हेंबर २००८ विसरलास? विसरलो नाही. त्या रात्री सीएसटीच्या फलाटावर मेले ते गाडीची वाट बघत गाठोड्यांवर बसलेले लोक होते. ज्यांनी ती पोरं बंदुका देऊन धाडली त्यांना काढा. त्यांना पोसणाऱ्या वर्दीला काढा, धर्माच्या नावानं दुकान मांडणाऱ्या मुल्लाला काढा, मी शाई पुरवतो. पण पिठाच्या रांगेतल्या माणसानं कुणाला धाडलं? त्याला तर स्वतःची भाकर धाडता येत नव्हती.

ही सरहद्द आपण आखलेली नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. फाळणी झाली. ज्यांना निघता आलं ते निघाले. पण सफाईचं काम करणाऱ्या अस्पृश्यांना सोडायला पाकिस्तान सरकार तयार नव्हतं. हे गेले तर कराचीचे संडास कोण साफ करणार? डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं. त्यात दोन्हीकडची तक्रार होती. तिकडं आमच्या माणसांना अडकवून ठेवलंय, आणि इकडं निर्वासित होऊन आलेल्या आमच्या माणसांना धड मदत मिळत नाही. एकाच पत्रात दोन्ही सरकारांना जाब. तेव्हा पाकिस्तानला शिव्या देऊन टाळ्या मिळवणं सगळ्यांत सोपं होतं. बाबासाहेब शिव्या देत बसले नाहीत. आपला माणूस कुठं अडकलाय, ते विचारत राहिले.

पुढं त्याच पाकिस्तानात सरकारी खात्यांनी जाहिराती छापल्या : सफाईच्या जागांसाठी फक्त बिगर-मुस्लिमांनी अर्ज करावा. आपल्याकडं अशी जाहिरात लागत नाही. २०१३ चा कायदा सांगतो, माणसानं हातानं मैला साफ करायचा नाही. तरी माणूस मॅनहोलमध्ये उतरतो आणि वर प्रेत येतं. कागदावर जात न लिहिताही ती बरोबर झाकणापर्यंत पोचते. आता मला सांगा, या दोन देशांतल्या कुठल्या एकानं दुसऱ्याला हसायचं?

मी ब्रश खाली ठेवणार नाही. विनोद हे आपलं हत्यार आहे. आपल्या जलशांनी शेटजी-भटजीला हसून हसून नागडा केला, तेव्हा आपली माणसं ताठ झाली. पण जलशातला विनोद वर फेकलेला दगड होता. माझा खाली पडला, आधीच पडलेल्याच्या डोक्यात. म्हणून आता कागद पुढं घेतला की मी एकच विचारतो : हे चित्र त्या रांगेत नेऊन दाखवलं, तर रांगेतला माणूस हसेल का? वडेरा काढला, जनरल काढला, तर मिरपूरखासचा कोळ्ही माझ्या आधी हसेल. कटोरा काढला तर तो मान खाली घालील. एवढं सोपं माप आहे. चाळीस वर्षं चित्रं काढून मला ते आत्ता सापडलं.

तेच चित्र मी पुन्हा काढलं. रांग लांबच लांब. अर्धी रांग तारेच्या अलीकडं, अर्धी पलीकडं. अलीकडं पदर पसरलेली माझी आय. दोन्हीकडचे बूटवाले एकाच पोत्यावर बसलेत. संपादकानं परत पाठवलं. म्हणे, यात देश कुठला ते कळत नाही.

त्याला बरोबर कळलं होतं. म्हणूनच परत पाठवलं. म्हणून ते चित्र मी स्वतः स्टेन्सिलवर कोरून या अंकाला देतोय. रेघा फाटल्या असतील, शाई पसरली असेल, गोड मानून घ्या.

आय आता नाही. माझं ते गाजलेलं चित्र तिनं बघितलं असतं तर ती हसली नसती. बॉम्बकडं तिचं लक्षच गेलं नसतं. पोत्यावर बोट ठेवून म्हणाली असती, ‘बाबा, मग मिळालं का रं त्याला पीठ?’